हरणीचे गोचीड आणि रत्नाच्या म्हशी

चहा घ्या, आणि हसायचं ते शेवटी एकदाच हसा. कारण या सगळ्या प्रकारात शहाणी एकच होती, ती म्हणजे मी. आणि फजिती झाली तीही माझीच!

मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. खताच्या पोत्यांवरची अक्षरं जुळवत वाचायला शिकले. आज कुंडलच्या आसपास औषधाची बाटली माझ्याइतकी खडानखडा कुणी वाचत नाही. हे लोकांना मीच सांगत असते, ते सोडा.

तर आमची गाय, हरणी. संकरित, गाभण, आणि माझ्याहून तापट. एका सकाळी तिनं वैरणीकडं तोंड फिरवलं. अंग तव्यासारखं, कानाखाली ही एवढी गाठ! कापत होती, म्हणून माझ्या गेलेल्या मालकांचं घोंगडं तिच्या पाठीवर टाकलं. शेजारची रत्ना धावत आली आणि जनावरांच्या डॉक्टरीण बाईंना तिनंच फोन लावला.

"गोचीड ताप आहे, आजी," बाई म्हणाल्या. "गोचीड चावतो, त्यातनं जंतू रक्तात शिरतात. सुई देते, उठेल. पण अशा अशक्त अंगावर पुन्हा गोचीड लागले तर गायीचंही अवघड आणि पोटातल्या वासराचंही."

गोचीड अंडी भिंतीच्या भेगांत घालतात, म्हणून गायीसकट अख्खा गोठा फवारायला सांगितला. मी बाटली मोठ्यांदा वाचली, मापात पाणी घातलं, हातमोजे चढवले आणि भेग न् भेग फवारली. गोठ्यात शिरायची मुंगीची हिंमत नव्हती!

थोड्याच दिवसांत हरणीच्या पाठीवर पुन्हा बारीक बारीक गोचीड!

आता हे आले कुठून? मला कशाला विचार करावा लागतोय? रत्नाच्या म्हशी! कुंपणापलीकडं तर बांधलेल्या.

"रत्ने! तुझ्या म्हशींचे गोचीड आवर!"

"आवं आक्का, माझ्या म्हशींवर एक बी गोचीड न्हाई. येऊन बघा की."

"मग काय माझ्या भिंतीनं पैदा केलं व्हय?"

"मला काय ठावं? तुमची भिंत, तुमीच इचारा तिला!"

गल्ली गोळा झाली. माणसं दिसली की मला चेव येतो. कुंपणातली जायची-यायची वाट मी बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली. वर बाईंना फोन लावून सुनावलं, "तुमचं औषध हाय का पाणी?"

बाई आल्या. रत्नाही लांबून वळसा घालून आली, हातात हरणीसाठी लसूणघास. माझ्याशी बोलली नाही, गायीशी बोलली.

बाईंनी भेगा पाहिल्या, गव्हाण पाहिली. मग हरणीच्या पाठीकडं बोट केलं.

"आजी, हे घोंगडं फवारलं होतं?"

"आवं बाई! मेंढरांमागं हिंडताना मालकांच्या खांद्यावर असायचं ते. खंडोबाची तळी आमी ह्याच्यावर भरतो. त्याच्यावर इख मारू? फवारायच्या आधी घडी घालून घरात, सोप्यात ठेवलं, आन् वास गेल्यावर हिला पुन्हा पांघरलं."

बाईंनी घोंगडं गायीवरनं उतरवलं.

"आन् बाटलीवर घोंगडं लिहिलंय कुठं? दाखवा की!"

बाईंनी पांढऱ्या कापडावर घोंगडं झटकलं. आई गं! घडीघडीतनं गोचीड. थोरले, धाकटे, सगळं खानदान! ज्यांना मारायला निघाले होते, त्यांना मीच मानानं सोप्यात नेऊन बसवलं होतं, आणि परत आणून उबदार गायीवर सोडलं होतं.

रत्ना पुढं झाली.

"आक्का, हलू नगा."

माझ्या कानामागं काहीतरी चालत होतं. तिनं ते चिमटीत धरून माझ्याच डोळ्यांसमोर नाचवलं.

"आता ह्यो कुणाच्या म्हशीचा म्हणायचा?"

गल्ली हसली.

घोंगडं औषधात भिजवलं, कडक उन्हात वाळवलं. देव काही रागावला नाही. हरणी सुखरूप व्याली. आज ती आणि तिची कालवड अंगणात हुंदडतात, ती बाईंची आणि रत्नाची कृपा. एकीनं सुई दिली, दुसरीनं माझ्या शिव्या खाऊनही माझ्या गायीला घास आणला. बाभळीच्या फांद्या मी माझ्या हातानं काढल्या, काटे टोचून घेत. आणि पहिल्या चिकाचा खरवस देवाला दाखवून थेट रत्नाच्या घरी गेला.

तो खाऊन तरी तिनं तोंड बंद ठेवावं की नाही? डॉक्टरीण बाई आल्या रे आल्या की कुंपणापलीकडनं हाळी येतेच, "बाई, आदी आक्काचं कान बघा, गाय मागनं!"

आणि मी, सगळ्या गल्लीला गप्प करणारी, पदर मागं सारून गुमान उभी राहते.