थोरल्या जावयाचे टायर

आमचे सासरे माझ्या साडूला गाढव म्हणतात आणि मला जावईबापू म्हणतात. कित्येक वर्षं मला वाटत होतं की या वाटणीत मी फायद्यात आहे.

मी थोरला जावई. कांदेपोहे, पत्रिका, याद्या, सगळं रीतसर होऊन झालेला. लग्नात सासऱ्यांनी माझे पाय धुतले होते. साडूचं तसं नाही. माझी मेहुणी शिकायला इथे जर्मनीत, हॅनोव्हरला आली, तो तिथेच पीएच.डी. करत होता, आणि दोघांनी परस्पर ठरवून टाकलं. बाबा, म्हणजे सासरे, वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. बोलायला लागले तेव्हा पहिलं वाक्य शिवीच होती म्हणतात. तेव्हापासून ती सवय सुटली नाही.

आता आम्ही दोघे साडू एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे राहतो. वोल्फ्सबुर्गपासून अर्ध्या तासावर, टेकडीच्या उतारावर एक जोडघर आहे. डावा अर्धा आमचा, उजवा त्यांचा. खालच्या रस्त्यापासून घरापर्यंत दगडी फरशीची चढाची वाट आहे, आणि ती खाजगी असल्यामुळे गावाची बर्फ काढायची गाडी तिथे येत नाही. वाटेच्या मध्यावर एक जर्मन आजी एकट्या राहतात. त्यांच्याकडे रोज सकाळी नर्स येते. तिच्या आधी, सात वाजेपर्यंत, वाट मोकळी पाहिजे. घराबरोबर आधीच्या मालकाने एक छोटा ट्रॅक्टर देऊन टाकला होता, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावलेला. ट्रॅक्टर धडधाकट होता, टायर मात्र माझ्या टकलासारखे गुळगुळीत झाले होते.

घर घेतलं त्याच वर्षी सासरे तीन महिन्यांसाठी आले. आता इथे सांगायला हवं की बाबांनी सारी नोकरी सरकारी बसच्या डेपोत, टायर विभागात काढली. रबराला अंगठ्याचं नख लावून ते सांगायचे, हा अजून घाट चढेल, हा चढणार नाही. बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण ट्रॅक्टर पाहताच त्यांनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

"ए गाढवा," त्यांनी साडूला हाक मारली, "जॅक आण. आणि हातमोजे काढ, मोजे घालून टायर कळत नाही."

साडू पळत गेला. मीही पुढे झालो. बाबांनी लगेच माझ्यासाठी बागेतली खुर्ची उलगडली. "तुम्ही बसा हो. गार आहे, चहा सांगू का?"

मी बसलो. चहा आला. समोर ते दोघे ट्रॅक्टरखाली डोकी घालून एकमेकांवर खेकसत होते. बाबा म्हणत होते, "तुझ्या कॉम्प्युटरला चाकं नसतात म्हणून तुला ही अक्कल," आणि साडू हसत होता. मी चहाचा कप फरशीवर ठेवून दिला. तुला शिव्या नकोत ना, असं कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण त्या क्षणी मला त्या फरशीवर आडवं पडून, तोंडाला ग्रीस लावून, गाढव म्हणवून घ्यायचं होतं. माझ्या मुलीने खिडकीतून जर्मनमध्ये सांगितलं की आजोबा काकाबरोबर जास्त मजेत असतात. मुलं मराठी ऐकतात, जर्मन बोलतात, आणि नको तेच अचूक बोलतात.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघे शेतीच्या अवजारांच्या दुकानात गेलो. छोट्या ट्रॅक्टरच्या टायरचे तीन प्रकार ओळीने मांडलेले होते. एक हिरवळीवर चालवायचे, रुंद आणि बारीक नक्षीचे. एक शेतातले, तिरक्या, बोटभर उंच दातांचे. आणि एक थंडीचे, लहान लहान ठोकळ्यांचे, प्रत्येक ठोकळ्यावर चाकूने मारल्यासारख्या चिरा. दुकानदार बराच वेळ बोलला. साडू मध्ये मध्ये "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, करत होता आणि टायरवरचं लेबल वाचत होता.

"वाचत काय बसलास?" बाबा म्हणाले. "पुस्तक आहे का ते? हात लाव. दाब."

साडूने थंडीचा टायर दाबला.

"आता तो दाब, दातवाला. काय फरक?"

"हा कडक आहे."

"मग? गारठ्यात आणखी कडक होणार. दगडावर कडक रबर धरत नाही. आणि टेकणार किती? चार दात. तुला चार दातांवर जेवता येईल का?"

साडू खळखळून हसला. दुकानदारही, काही न कळता, हसला. बाबांनी साडूच्या पाठीत एक रट्टा घातला. अगदी प्रेमाचा रट्टा. मी बाजूला कोटाच्या खिशात हात घालून उभा, पाहुणा आल्यासारखा.

मी एका मोठ्या मोटार कंपनीत आहे. सीटच्या आतलं वायरिंग पाहतो. माझा आणि टायरचा संबंध मी त्यावरून घरी येतो एवढाच. पण मोटार कंपनीत आहे म्हणजे याला टायर कळत असणार, असं घरात सगळ्यांना वाटतं, आणि मी कधी कुणाचा गैरसमज दूर केलेला नाही.

"आपण शेतातले घेऊ," मी म्हणालो. "दात मोठे असले की पकड जास्त. चिखलात चालतात ते बर्फात चालणारच."

खरं सांगतो, मला त्या टायरचं काही पडलेलं नव्हतं. मला बाबांनी माझ्याशी भांडायला हवं होतं. आत्ता वळतील, म्हणतील, अहो इंजिनिअर, तुमच्या डोक्यात वायरी भरल्यात का. मी वाटच पाहत होतो.

बाबांनी टायरवरचा अंगठा काढला. हात रुमालाला पुसले.

"तुम्ही म्हणता तर तसंच करू," ते म्हणाले.

"पण बाबा, तुम्ही आत्ताच म्हणालात की—" साडूने तोंड उघडलं.

"तू गप्प बस. मोठ्यांचं ऐकावं."

असे दातांचे टायर घरी आले. मी जिंकलो होतो आणि माझा जळफळाट दुप्पट झाला होता. ते बसवताना बाबांनी साडूला तासभर झापलं, एकेक नट कसा समोरासमोर आवळायचा ते शिकवलं. मला खुर्ची होतीच.

पंधरवड्याने बर्फ पडला. सकाळी सहाला मी सगळ्यांच्या आधी उठलो, कारण ट्रॅक्टर मीच चालवणार हे मी ठरवून टाकलं होतं. वरून सुरुवात केली. पहिले काही मीटर झकास गेले. मग दातांमधल्या खाचा बर्फाने गच्च भरल्या आणि खाली फरशीवर टेकायला मूठभर कडक रबर उरलं. ब्रेक दाबला तशी चाकं थांबली, ट्रॅक्टर थांबला नाही. तो माझ्यासकट, पातं पुढे करून, शांतपणे उतारावरून घसरत गेला आणि जर्मन आजींच्या कुंपणात घुसला. वाटेत त्यांची टपालपेटी आडवी झाली. आजी झगा घालून दारात आल्या, माझी हाडं शाबूत आहेत का ते त्यांनी विचारलं, आणि मग नर्सची गाडी कुठून येणार ते विचारलं.

गाडी वर आली नाही. नर्स ती खालीच लावून, हातात बॅग घेऊन, बर्फातून चालत आली. माझ्यासमोरून तिने आडवी टपालपेटी ओलांडली.

वर पाहिलं तर बाबा वाटेच्या टोकाशी उभे होते, डोक्याला मफलर गुंडाळून. मी धापा टाकत चढून गेलो. मनात म्हटलं, आता. आता तर बोलतीलच.

"लागलं नाही ना कुठे?" ते म्हणाले. "चला आत. पाय शेका."

"बाबा, तुम्हाला माहीत होतं हे असं होणार."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाला कसं बोलायचं?"

"त्याला तर उठता-बसता बोलता!" माझा आवाज चढला. थोरला जावई, पन्नाशीला आलेला, बर्फात उभा राहून कोणी आपल्याला रागावत नाही म्हणून रडवेला झालेला. याहून मोठी शोभा ती काय.

बाबांनी मफलर सोडून पुन्हा घट्ट गुंडाळला. मग म्हणाले, "एकदा बोललो होतो. तुमचा दिवाळसण आठवतो? भाड्याच्या गाडीचं चाक बदलत होतात तुम्ही. नट एकापुढे एक, गोल फिरून आवळत होतात. मी चार माणसांत म्हटलं, अहो, इंजिनिअर ना तुम्ही? सगळे हसले."

मला आठवत नव्हतं. मग आठवलं.

"तुम्ही रात्री जेवला नाहीत," बाबा म्हणाले. "सकाळीही नाही. ताट तसंच परत गेलं. पोरींची आई स्वयंपाकघरात रडत बसली होती. तिने मला शपथ घातली, पुन्हा थोरल्यांना बोलायचं नाही म्हणून. ती गेली. आता शपथ कुणाकडून सोडवून घेऊ?"

त्या दिवाळीत मी रुसलो होतो कारण जावयाने रुसायचं असतं असं माझ्या मित्रांनी मला पढवलं होतं, आणि दोन जेवणांनंतर अंगठी मिळाल्यावर मी ते विसरूनही गेलो होतो. इतकी वर्षं मी साडूवर जळत होतो, आणि त्याने माझं काहीच घेतलं नव्हतं. मीच ताट सरकवलं होतं.

त्याच आठवड्यात थंडीचे टायर आणले. मी हट्टाने शेजारी उकिडवा बसलो. बाबांनी पाना मागितला तेव्हा मी साडूच्या आधी उचलला. "अहो राहू द्या, हात काळे होतील," ते म्हणाले, आणि पाना माझ्या हातून घेऊन साडूकडे दिला. त्या टायरवर ट्रॅक्टर मांजरासारखा चालला. वसंतात बाबा परत गेले.

यंदाच्या पहिल्या बर्फाच्या सकाळी मी एक उद्योग केला. पंप घेऊन मागच्या दोन्ही टायरमध्ये हवा भरत गेलो, टायर टम्म फुगून मधोमध टेकेपर्यंत, कडा जमिनीपासून सुटेपर्यंत. कुणालाही दिसली असती अशी, मुद्दाम केलेली चूक. मग बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टायरसमोर धरला.

बाबांनी चष्मा लावला. जवळ आले. त्यांच्या कपाळावरची शीर मला इथे दिसली.

"ही हवा कोणी भरली?"

"मी."

मी फोन टायरच्या आणखी जवळ नेला. दोन जेवणं काय, आठवडाभर जेवलो असतो त्या एका वाक्यावर.

"असू दे, असू दे," बाबा म्हणाले. "छान भरलीत. तो कुठे आहे? त्याला बोलवा जरा."

साडू चप्पल घालूनच बाहेर आला. मी फोन त्याच्याकडे वळवला.

"अरे गाढवा!" बाबा कडाडले. "डोळे आहेत का भोकं? एवढी हवा? चढावर फुगा नाचवणार आहेस का? जावईबापू एकटे राबतात आणि तू घरात लोळतोस? काढ ती आधी! आधी काढ!"

"हो बाबा. चुकलं बाबा," साडू म्हणाला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसून हवा सोडायला लागला. माझ्या वाटची बोलणी तो खाली मान घालून खात होता, आणि त्याला नीट ऐकू यावीत म्हणून फोन मी धरला होता.