खिडकीतून स्टेडियमचं गेट दिसलं पाहिजे

हॉटेलांचा इतका अभ्यास केलेला आणि जन्मात एकाही हॉटेलात न राहिलेला माणूस आमच्या डोंगरीच्या अंकलखेरीज अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा सापडणार नाही. मीरा रोडच्या हाटकेश भागात एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आम्ही दोघांनी बरीच वर्षं एकत्र काढली. मी डिस्पॅचला होतो आणि अंकल पॉलिशिंगचे सुपरवायझर होते. पण त्यांची खरी कीर्ती पॉलिशिंगमुळे नव्हती. बाहेरगावचे व्यापारी माल बघायला आले की त्यांच्या मुक्कामाची सोय शेठ अंकलवर सोपवायचे, आणि अंकल ते काम एखाद्या मुलीचं स्थळ बघावं तसं करायचे. आधी स्वतः जाऊन खोली बघायची. पलंगावर बूट काढून आडवं व्हायचं, दोन्ही कुशींवर वळून बघायचं. बाथरूमचे सगळे नळ सोडायचे, फ्लश ओढायचा, कडी लावून बाहेरून मॅनेजरला दार ढकलायला लावायचं. एकदा तर त्यांनी एका मॅनेजरला शेजारच्या खोलीत नेऊन खोकायला सांगितलं होतं. भिंतीतून खोकला ऐकू आला म्हणून ते हॉटेल बाद झालं. एवढं सगळं करून राजकोटचे पाहुणे मऊ गादीवर लोळायला लागले, की हे स्वतः संध्याकाळची बस पकडून डोंगरीला घरी. कारखान्याची सहल अलिबागला गेली तेव्हाही सगळ्यांच्या खोल्या लावून देऊन ते शेवटच्या बोटीने परत आले होते. "परक्या उशीवर माझं डोकं ठरत न्हाय," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांचं दुसरं वेड फुटबॉलचं. डोंगरी-उत्तनकडच्या ख्रिस्ती गावांतून फुटबॉल घराघरात आहे, आणि अंकल तिथले मानलेले रेफरी. मानलेले म्हणजे लोक त्यांना घाबरायचे. मैदानावर काळी चड्डी घालून उभा राहिलेला हा किडकिडीत माणूस कुणाच्या बापाला भीत नसायचा. एका फायनलमध्ये त्यांनी स्वतःच्या सख्ख्या पुतण्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. त्यापायी भावाचं कुटुंब कितीतरी महिने त्यांच्या अंगणातून जायचं बंद झालं, लांबचा वळसा घालून जायला लागलं. मी म्हटलं, "अंकल, मागाहून तरी कबूल करायचं की जरा घाई झाली." ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मी त्यांना चर्चमध्ये चप्पल घालून नाचायला सांगितलंय. "निर्णय दिला की दिला," ते म्हणाले. "फिरवला तर उद्या शिट्टीला कोण विचारंल?" मैदानावर हा बाणा शोभून दिसायचा. घरात त्याचं काय होत असेल, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

दोघेही रिटायर झालो, तरी आमच्या गाठीभेटी सुटल्या नाहीत. महिन्या-दीड महिन्यातून ते डोंगरीहून बस धरून यायचे, स्टेशनचा पूल ओलांडून भाईंदर पूर्वेला आमच्या फ्लॅटवर पोचायचे, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील आमच्या हिच्या हातात ठेवायचे. गेल्या हिवाळ्यात असेच आले, पण चहा पुढे आला तरी कपाला हात लावेनात. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुझ्या त्या मोबाइलवर कोल्हापूरची हॉटेलं दिसतात काय?"

"दिसतात की. कुणाला पाहिजे?"

"मला."

आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली. मी स्वतःला सावरून विचारलं, कशा प्रकारचं हॉटेल हवं. अंकलच्या अटी ठरलेल्या होत्या. हॉटेल स्टेडियमच्या अगदी जवळ हवं. स्वस्त हवं, पण स्वस्त वाटता कामा नये. आणि लॉज नको. "लॉजात माणूस लपायला जातो. आपल्याला राहायचं हाय." मी एकेक हॉटेल दाखवायला लागलो आणि ते एकेक बाद करत गेले. एका फोटोत पलंगावर टॉवेलचे दोन हंस करून ठेवले होते. "ज्याला टॉवेलशी खेळायला वेळ हाय, तो चादरी कधी धूत असंल?" एका खोलीचा फोटो त्यांना फारच मोठा वाटला. "कॅमेरावाला भिंतीला चिकटून उभा हाय. पाय बघ, पलंगाचे पाय वाकडे दिसतात." लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी वाचून दाखवले, तर तारीफ करणाऱ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. तक्रार करणाऱ्यांचं मात्र ते मन लावून ऐकायचे. "गरम पाणी फक्त सकाळी येतं, असं एकाने लिहिलंय," मी म्हटलं. "बघ, येतं म्हणजे! हा खरा माणूस." आणि तेच हॉटेल पुढच्या फेरीत गेलं.

मग फोन. मी तो स्पीकरवर टाकला. पलीकडे रिसेप्शनवरचा माणूस अगदी उमद्या स्वभावाचा निघाला. अंकलनी त्याची परीक्षा सुरू केली.

"खोलीची खिडकी उघडते?"

"उघडते की!"

"उघडल्यावर काय दिसतं?"

"समोर स्टेडियमची भिंत बघा, आन् डावीकडं मोठं गेट."

"गेटातून बाहेर पडणारी माणसं ओळखू येतात काय?"

पलीकडचा आवाज एकदम दबका झाला, "काका, तुम्ही पोलिसातनं बोलालाय काय?"

मी हसून लोळायच्या बेतात होतो, पण अंकल हसले नाहीत. त्यांनी घाईघाईने खोली नक्की करायला सांगितली आणि फोन माझ्याकडे सरकवला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अंकल, त्या गेटातून कोण बाहेर पडणार आहे?"

"माझी मुलगी," ते म्हणाले. "आणि नात. नात गोलकीपर हाय. शाळांची मॅच हाय तिकडं."

त्यांना एक मुलगी आहे आणि ती लग्न होऊन कोल्हापूरला गेली, एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्या दुपारी कळलं. मीरा रोडला नोकरीला आलेल्या एका कोल्हापूरच्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. घरी सांगितलं तेव्हा अंकल रागात बोलून गेले की मी लग्नाला येणार नाही, आणि तुझ्या दारातही येणार नाही. मुलगा वाईट नव्हता, हे त्यांना महिन्याभरात पटलं होतं. पण निर्णय दिला होता. मुलीशी बोलणं तसं बंद नव्हतं, फक्त ते आंटींच्या तोंडून चालायचं. आंटी म्हणजे त्यांची बायको. मुलीचा फोन आला की हे शेजारी बसून सांगायचे, "विचार तिला, जेवली काय? नात शाळेत जाते काय?" आणि आंटी विचारायच्या. दोन वर्षांपूर्वी आंटी गेल्या. मुलगी आली, सातव्या दिवसाची प्रार्थना होईपर्यंत राहिली, आणि बापलेकींनी एकमेकांना पाणी, चहा, औषध याखेरीज काही विचारलं नाही. आता ती फोन करायची आणि हेच उचलायचे. "जेवलात?" "हां. तू?" "हां." पुढे काय बोलायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. नातीचे मात्र मोबाइलवर निरोप यायचे, ग्लोव्हजचे फोटो यायचे. मॅचचंही तिनेच कळवलं होतं.

"मग सरळ मुलीकडेच जा की, हॉटेल कशाला?" आमची ही म्हणाली.

"बोलवल्याशिवाय?" अंकल म्हणाले, आणि बोंबलाचं रिकामं वर्तमानपत्र नीट घडी घालायला लागले.

त्यांना एकट्याला पाठवायचा धीर मला झाला नाही. रात्रभराच्या बसने आम्ही दोघे कोल्हापूरला उतरलो. रिसेप्शनवरच्या माणसाने अंकलना पाहताच ओळखलं. "खिडकीवाले काका न्हवं का?" खोली लहान होती, पण स्वच्छ होती, आणि खिडकीतून गेट खरोखरच दिसत होतं. अंकल खुर्ची ओढून तिथे जे बसले ते मॅचची वेळ होईपर्यंत. राजकोटवाल्यांसाठी सगळे नळ सोडून बघणारा माणूस स्वतःच्या खोलीचं बाथरूमसुद्धा बघायला गेला नाही.

मैदानात आम्ही सगळ्यात वरच्या ओळीत बसलो. अंकलनी टोपी कपाळावर ओढून घेतली होती. मुलगी कुठे बसली आहे ते त्यांना आत शिरतानाच दिसलं होतं. ती आमच्या पुढे बरीच खाली, मोबाइल धरून शूटिंग करत होती. पहिला अर्धा भाग अंकल हाताची घडी घालून गप्प बसले. दुसऱ्या भागात एक उंच चेंडू नातीच्या गोलसमोर आला. ती पोर रेषेवरच खिळून राहिली, आणि अंकलचा सगळा बेत कोसळला. ते ताडकन उभे राहिले. "लाईन सोड! पुढं ये, बाय, पुढं ये!" डोंगरीच्या मैदानाचा तो आवाज साऱ्या स्टेडियमवरून गेला. नातीने काय ऐकलं कोण जाणे, चेंडू जाळ्यात गेला; पण खाली मोबाइल धरलेला हात हळूहळू खाली आला आणि मुलगी मागे वळली.

ती पायऱ्या चढून वर आली. मला वाटलं आता रडारड होणार. ती अंकलच्या शेजारी बसली, आणि मैदानाकडेच बघत म्हणाली, "उतरलात कुठं?"

अंकलनी बोटाने भिंतीपलीकडचं हॉटेल दाखवलं.

"मॅच संपली की बघते," ती म्हणाली.

आणि मॅच संपल्यावर तिने खरंच ते हॉटेल बघितलं! नातीची शाळा त्याच एका गोलने हरली होती. ती पोर मातीने भरलेले ग्लोव्हज हातात घेऊन, तोंड फुगवून आईच्या मागे मागे खोलीत आली. मुलीने आल्या आल्या चादरीचा कोपरा उचलून खालची गादी पाहिली. बाथरूममध्ये जाऊन सगळे नळ सोडले. कडी लावून बघितली. मग रिसेप्शनला फोन करून, पक्क्या कोल्हापुरी बोलीत, म्हाताऱ्या माणसाला ही असली चपटी उशी देतात काय म्हणून झापलं. मी अंकलकडे पाहिलं. ते तिच्याकडे असे बघत होते की मला तिथे उभं राहणं अवघड झालं. मी खिडकीशी गेलो आणि उगाच बाहेरची गर्दी न्याहाळायला लागलो.

"आमच्याकडे का नाही आलात?" मागून तिचा आवाज आला.

"तू बोलवलं न्हाय."

"मी नाही बोलवलं? मम्मीला प्रत्येक फोनला सांगायचे मी. पप्पांना घेऊन ये, पप्पांना घेऊन ये."

अंकल म्हणाले, "ती सांगायची. मला वाटायचं, ती आपल्या मनाचं जोडते. मला बरं वाटावं म्हणून."

पलंग कुरकुरला. ती बसली असावी. "आणि मला वाटायचं," ती म्हणाली, "मम्मी तुम्हाला सांगतच नाही."

खाली रस्त्यावर पोरं हॉर्न वाजवत, झेंडे नाचवत चालली होती. एकमेकांवर संशय घ्यायला नको म्हणून दोघांनी त्या बिचारीवर घेतला होता, आणि ती मात्र इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे इमानाने पोचवत राहिली होती. शेवटी नातच बोलली. तिला या सगळ्यात रस नव्हता. ती तिच्याच दुःखात होती.

"आजोबा, तो गोल ऑफसाइड होता. होता ना?"

मला वाटलं, निदान आज तरी हा माणूस हो म्हणेल. आज एवढं तरी करेल. अंकलनी खाकरून घसा साफ केला.

"न्हाय," ते म्हणाले. "गोल बरोबर होता."

"ऑफसाइडच होता! आईनं शूटिंग केलंय. घरी चला, टीव्हीवर मोठं करून दाखवते."

अंकलनी आधी नातीकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी ओढणीने नाक पुसत होती आणि हसूही दाबत होती. मग पलंगाखालून अंकलनी आपली पिशवी ओढली.

"मोठं करून बघायचं असंल तर बघावं लागंल," ते म्हणाले. "लांबून माझीबी चूक झाली असंल."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तिघे खाली उतरले, आणि मी खिडकीतून बघत राहिलो. नातीने आजोबांची पिशवी खांद्याला लावली होती आणि ती हातवारे करून त्यांना काही समजावत होती. मुलगी त्यांचा दंड धरून रस्ता ओलांडत होती. वर खिडकीत मी उभा आहे हे तिघेही साफ विसरले होते, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. थोडंसं वाटलं, पण ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच परतीच्या बसमध्ये बसलो. बस सुटता सुटता एक गृहस्थ धापा टाकत चढले आणि माझ्या शेजारच्या जागेकडे बघून म्हणाले, "इथं कुणी येणार आहे का हो?"

"येणार होते," मी म्हटलं, "पण ते राहिले. मुलीकडे."

ते बसले. आता या अनोळखी माणसाला त्याचं काय? पण मुलीकडे हा शब्द मी जरा मोठ्यानेच म्हटला होता, आणि बस गावाबाहेर पडेपर्यंत तो मला पुन्हा एकदा म्हणावासा वाटत होता.