चहा येईपर्यंत

नातीने मार्कर उघडला आणि त्या उग्र वासाने मला लंडनमधल्या हाउन्सलोचा हॉल आठवला. आमच्या मराठी मंडळात माणसं येईनात, बंद करायची वेळ आलेली. माझ्या बायकोने, सुमनने, भिंतीवर मोठा कागद लावला आणि सगळ्यांना बजावलं, “सुचेल ते बोला. चहा येईपर्यंत कुणी ‘नको’ म्हणायचं नाही.”

पुण्याहून नवीन आलेली एक सून हळूच म्हणाली, “स्वयंपाक पुरुषांनी करावा. म्हणजे बायका निवांत येतील.”

मी अध्यक्ष, म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं.

“अहो, चहा आलाय का?” सुमन म्हणाली, आणि कागदावर लिहून मोकळी झाली.

तेव्हा मला तिचा रागच आला. पण मंडळ टिकलं. आता सुमन नाही. तेव्हा फोडणी द्यायला शिकलेले माझे दोस्त आळीपाळीने मला डबा आणून देतात. आमटी खारट असते. मी सगळी संपवतो.