आईला काय आवडायचं

"पप्पा, आईला खायला काय आवडायचं?"

आश्रुबांचा दाढी करणारा हात गालावरच थांबला. आरशातूनच त्यांनी लेकीकडं पाहिलं. उभा जन्म एस.टी.त कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. सवाल आला की जवाब तयार.

"समदंच आवडायचं."

"एक सांगा."

"भाकर."

"भाकर तर तुम्हीपण खाता."

"मग? नवराबायकूच होतो आमी," म्हणत त्यांनी साबण पुसला. हसले. पुसलेला गाल पुन्हा पुसत राहिले.

सुकन्या डबा घेऊन बाहेर पडली. नेकनूरहून जीपनं केजला जायचं, तिथल्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि संध्याकाळी परत यायचं. सत्ताविशीची पोरगी. हात इतका स्थिर, की तान्ह्या लेकराची शीरसुद्धा पहिल्या सुईत सापडायची. मन मात्र एका जागी ठरत नव्हतं. वनिता, तिची आई, दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून तर नाहीच. विहारात वंदना झाली, पुण्यानुमोदनाला चार माणसं बोलली, भोजनदान झालं. सगळं रीतसर. लोक हात धुऊन गेले आणि सुकन्याला वाटलं, आईशी बोलायचं राहूनच गेलं. मग ती विपश्यनेला गेली, चौथ्या दिवशी उठून आली. मैत्रिणीबरोबर, वैष्णवीबरोबर, नारायणगडाच्या जत्रेला गेली. गर्दीत बरं वाटलं, पण ते वैष्णवीचं होतं, तिचं नव्हतं.

असंच मोबाइल चाळता चाळता विक्का सापडलं. पश्चिमेकडचा, निसर्गाला मानणारा पंथ; त्यातल्या बाया स्वतःला अभिमानानं चेटकीण म्हणवतात. चंद्र, ऋतू, देवी आणि देव. सगळ्यांनी मानावं असं एकच पुस्तक नाही, आणि बाईनं पुढं व्हायला कुणाला विचारावं लागत नाही. पुण्याच्या एका गटात ती मोबाइलवरूनच शिरली. गटाच्या ताईंनी रोवन हे नाव घेतलं होतं. रोवन हे तिकडच्या थंड डोंगरातलं झाड आहे असं कळल्यावर सुकन्यानं स्वतःसाठी बाभूळ हे नाव मनात धरलं आणि आपलं आपणच हसली. मेच्या पहिल्या दिवशी गटानं फुलं माळून ऋतू साजरा केला, तेव्हा नेकनुरात उन्हानं पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. मग तिनं पळस फुलतो तोच आपला सण धरला. ताई म्हणाल्या, चालतं. पुनवेला पाण्याची वाटी घेऊन गच्चीवर बसलं, की आतली तगमग निवायची. थोडीच.

वर्षभर शिकून झालं होतं. आता दीक्षा घ्यायची की नाही ते ठरवायचं होतं, आणि त्याआधी ऑक्टोबर सरता सरता एक मूक जेवण करायचं होतं. गेलेल्या माणसाचं ताट मांडायचं, त्याच्या आवडीचं वाढायचं आणि समोर बसून अक्षरही न बोलता जेवायचं. सुकन्यानं मनाशी पक्कं केलं होतं : त्या ताटापाशी आई जाणवली, तर हीच आपली वाट. नाही जाणवली, तर इथंच थांबायचं.

पण आवडीचं म्हणजे काय, तिथंच घोडं पेंड खात होतं.

जीपमधून तिनं मनकर्णा आत्याला, वडिलांच्या थोरल्या बहिणीला, फोन लावला.

"वनीला व्हय? दुधात कुस्करलेली भाकर लई आवडायची. न्हाई न्हाई, थांब, ती मला आवडती." आत्या जरा अडखळली. "कावून विचारायलीस?"

सुकन्यानं थोडक्यात सांगितलं.

"अगं बया! आपल्यात पितर कोन घालतंय? आनी हे चेटकिनीचं खूळ कुठून आनलंस? दुसऱ्यांनी नुसतं चेटकीन म्हनलं तरी इथं बाईला गाव सोडावं लागतंय. आन तू आपल्या तोंडानं म्हनून घ्यायलीस?"

शेजारचा माणूस वळून बघायला लागला. सुकन्यानं फोन खिशात टाकला. आत्याचं खोटं नव्हतं. म्हणूनच ते दिवसभर टोचत राहिलं.

दुपारी गल्लीतल्या छबुबाई साखर तपासायला लॅबमध्ये आल्या. आईबरोबर त्या कितीतरी वर्षं खुरपायला गेलेल्या. सुई काढता काढता सुकन्यानं त्यांनाही विचारलं.

"तुझ्या आईला? डबे सोडले की तिची भाजी समद्यांच्या भाकरीवर जायची. तिच्यापाशी उरायचं काय, आन मी बघायचं काय!"

संध्याकाळी तिनं सुचेल ते केलं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी, शेवयांची खीर. दोन ताटं समोरासमोर मांडली. आश्रुबा दारात आले.

"पाव्हनं हायेत का?"

तिनं सांगितलं. ऐकताना त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"सुकू, माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. देवाचे टाक पोत्यात घालून हिरीत सोडले. श्राद्ध करनार न्हाई, हे मला अक्षरं यायच्या आधी पाठ होतं. आनी ह्याच घरात तू मेलेल्याला ताट मांडायलीस?"

"श्राद्धात भटजी असतो पप्पा, कावळा असतो. इथं मी एकटीच आहे."

"मग आली का ती?"

"अजून बसले नाही मी."

"बस मंग," म्हणून ते पायात चपला घालून निघून गेले.

सुकन्या बसली. खिरीची वाफ वर गेली, विरली. शेजारच्या घरातून मालिकेचं गाणं येत होतं. तिचा पाय आपोआप हलायला लागला; तिनं तो दाबून धरला, तर दुसरा हलायला लागला. समोरच्या ताटापाशी बसलेली आई डोळ्यांपुढं आणायला ती धडपडत होती. आई येत होती, पण चुलीकडं तोंड करून, पाठमोरी. पाणी भरताना. पातेलं खरवडताना. मांडी घालून, ताट पुढ्यात घेऊन बसलेली आई काही केल्या दिसेना.

थोड्याच वेळात चपला वाजल्या. आश्रुबांनी स्वतःचं ताट घेतलं, भाकरी वाढून घेतली आणि दोन्ही ताटांच्या मधोमध बसले.

"मी पितर घालीत न्हाई. भूक लागली म्हनून जेवायलोय."

सुकन्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"कावून?"

"बोलायचं नसतं, पप्पा! मोडलं ना सगळं!"

"न बोलता ती कशी सांगंल काय पाह्यजे ते?" त्यांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. "तशीबी कधी बोलली न्हाई. मी जेवून उठायचो, मग ती बसायची. तिला जेवताना मी कधी बघितलंच न्हाई. सकाळी तू विचारलंस, तवापून डोकं ठिकान्यावर न्हाई."

सुकन्या त्या भरल्या ताटाकडं बघत राहिली. गप्प राहणं आईनं जन्मभर केलं होतं. आता तिच्या नावानं हे आणखी एक.

"तिला दुधाची खरवड आवडायची," ती एकदम म्हणाली.

"ती काय आवड म्हनायची? उरायची म्हनून खायची."

"नाही. मी मागितली तरी द्यायची नाही. एकदा तर पातेलं पाठीमागं लपवलं होतं."

"लपवलं? वनीनं?" आश्रुबा हसले, आणि हसता हसता नाक पुसायला लागले. "तिखट लई खायची. केजच्या बाजारात भजी घेतली की तळलेल्या मिरच्या समद्या तिच्या."

"मग सकाळी का नाही सांगितलं?"

"सकाळी कुठं आठवलं!"

मग ते बोलतच राहिले. कोण खरं, कोण खोटं यावर भांडलेसुद्धा. मध्येच मोबाइल वाजला. रोवनताईंनी विचारलं होतं, काही जाणवलं का?

सुकन्यानं दोनदा लिहून खोडलं. आई आली होती का? आली असेल तर त्या ताटामुळं, की ते जेवण मोडलं म्हणून? तिला ठरवता येईना. शेवटी तिनं लिहिलं : "गप्प राहता आलं नाही. दीक्षा आत्ता नको." पाठवल्यावर हायसं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

ती उठली, तव्यावर तेल सोडलं आणि मूठभर हिरव्या मिरच्या टाकल्या. असा तिखटाचा खाट उठला की दोघांनाही ठसका लागला.

"खिडकी उघड!" आश्रुबा खोकत ओरडले.

"तुम्हीच उघडा," सुकन्या म्हणाली, "माझा हात गुंतलाय."