दुधाला निकेलचे अस्तर

खानोलकर मॅडमची आणि माझी पहिली भेट चार वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखतीत झाली. माझे अभियांत्रिकीचे गुण त्यांनी पाहिलेही नाहीत. "न समजलेल्या कागदावर सही करशील?" एवढेच मराठीत विचारले. चंडीगढमध्ये मराठी प्रश्नाची मला अपेक्षा नव्हती. मी "नाही" म्हणाले. ते उत्तर पुढे खोटे ठरले.

मॅडमचे यजमान चंडीमंदिरच्या लष्करी छावणीतून निवृत्त झाले आणि दोघे इथेच राहिले. आमच्या व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीचा निर्यात विभाग मॅडमनी उभा केला. मी सेक्टर २२ मध्ये खोली घेऊन एकटी राहते हे कळल्यावर दर सोमवारी त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा येऊ लागला. आभार मानले की म्हणत, "डबा धुऊन आण."

दोन वर्षांपूर्वी आंतरराष्ट्रीय निर्बंध असलेल्या एका देशातून, दूध प्रक्रिया केंद्रासाठी म्हणून, व्हॉल्व्हची मागणी आली. दुधासाठी परवानगी मिळते. शस्त्रांच्या कामी येईल असे काही पाठवता येत नाही. खरेदीदारामागे कोण आहे, माल शेवटी कुठे बसणार, हे शोधायला मॅडमनी आम्हाला सहा महिने शिकवले. तांत्रिक पत्रक माझ्याकडे होते. अखेरीस ग्राहकाने बदल कळवला: आतून निकेलचे अस्तर हवे. मी भागाचा क्रमांक बदलला आणि सही केली. 'वापर: दूध' तसेच राहिले.

माल गाडीत चढत असताना मॅडमनी मला बोलावले.

"गिरिजा, दूध इतकं जहाल असतं का गं?"

असले अस्तर शस्त्रनिर्मितीतही लागणाऱ्या दाहक वायूंसाठी घालतात, हे मी कॉलेजातच शिकले होते. माहीत असलेली गोष्ट मला दिसली नव्हती.

विक्रीप्रमुख संधूजी वैतागले. "मॅडम जी, पक्का ऑर्डर है यार! आप तो घर की कस्टम्स बन गईं!"

"संधूजी, ग्राहक को फोन लगाइए. पूछिए, रोज़ कितना दूध आता है."

पलीकडून आकडा नंतर कळवतो म्हणत फोन ठेवला गेला. संधूजींनी स्वतः जाऊन गाडी रिकामी करवली.

संचालकांच्या बैठकीला मी राजीनामा लिहून नेला होता. मॅडमनी पत्रक सर्वांपुढे ठेवले आणि माझ्या सहीखालच्या दुसऱ्या सहीवर बोट ठेवले. ती त्यांची होती. आपणही बदल न वाचता सही केली, दोन दिवसांनी लक्षात आले, असे त्यांनी सांगितले. कुणी विचारलेही नव्हते. बाहेर आल्यावर माझ्या हातातल्या राजीनाम्याकडे पाहून म्हणाल्या, "तो कागद फाड. पुढचं पत्रक वाच."

त्या धक्क्यातून मी पुरती सावरलेली नाही, आणि सावरू नये असे वाटते. साठी पूर्ण करून मॅडम या महिन्यात निवृत्त होत आहेत. त्याच देशातल्या एका रुग्णालयाची मागणी टेबलावर आहे. शेवटची सही आता माझी.

मॅडमना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो. माझा फोन त्यांना गेलाच, तर तो डबा परत द्यायला कधी येऊ, एवढे विचारण्यासाठीच असो.