स्वतः वाट शोधणारी होडी

मालवणच्या बाजारात माझा मित्र मोबाइल दुरुस्त करतो. हात कामात असले तरी डोळे लॅपटॉपवर, आणि पुटपुटणं चालूच: "हळू गो बाय, खडप आसा." त्याने बनवलेल्या गेममधली होडी बंदरातले खडक चुकवायला आपली आपण शिकते आहे. हजारदा आपटते, पुन्हा निघते. तो वाट सांगत नाही.

परवा ती पहिल्यांदा किनाऱ्याला लागली. गिऱ्हाइकांना तसंच सोडून तो लॅपटॉप घेऊन धक्क्यावर पळाला. मीही मागोमाग गेलो. जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाने, जन्मभर होडी हाकलेल्या माणसाने, पडद्यावर पाहून विचारलं, "ही वाट तुका कोणी दाखवली?"

"कोणीच नाय. तीच शिकली."

तांडेलाने जाळं बाजूला ठेवलं. "आता तिका उधाणात घाल. मी बघतंय."

मित्र तिथेच मांडी घालून बसला आणि गेममधल्या लाटा वाढवू लागला.