नाडी पाहून सांगणारा

आधी विचारायचं, मग पाहायचं, आणि मगच हात लावायचा. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, तेव्हा आम्ही डॉक्टरी शिकायला नागपूरला जायचो. तिथल्या मास्तरांनी हे आमच्याकडून इतकं घोकून घेतलं होतं, की झोपेतून उठवलं असतं तरी आम्ही म्हणून दाखवलं असतं. बाईमाणसाचं पोट दुखत असेल तर शेवटची पाळी कधी आली हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही; लाज वाटत असेल त्याने किराणा दुकान टाकावं, असंही ते म्हणायचे. मी हे वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

पण आमच्या पिंपळगाव राजा या गावाकडे विचारणारा डॉक्टर कच्चा समजत. माणूस येणार, हात पुढे करणार आणि गप्प बसणार. काय होतंय ते डॉक्टरने नाडीवरून ओळखायचं. विचारलंत, तर तो बायकोकडे पाहून म्हणणार, "यालेच काई समजत नाई." तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत मी गावभर लोकांची मनगटं धरत हिंडलो. डोळे मिटून काहीबाही ठोकून दिलं आणि त्यातलं निम्मं जुळलं. भाऊबीजेसाठी थोरल्या बहिणीला आणायला तिच्या सासरी गेलो, तर माझी कीर्ती तिथे आधीच पोचलेली.

बहीण ओसरीत निजली होती. सकाळपासून पोट दुखत होतं. सासू उशाशी, सासरे दारात, आणि शेजारची चार-पाच माणसं डॉक्टर कसा पाहतो ते बघायला जमलेली. बहिणीने न बोलता हात पुढे केला. नाडी धावत होती. डोळ्याची खालची पापणी ओढली, तर आत पांढरंफटक.

"भाऊ, खांदा लय दुखून राह्यला," ती म्हणाली.

"पोटाचं सोडून खांद्याचं काय घेऊन बसलीस?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. लोक हसले. तीही हसली.

मास्तरांचा प्रश्न जिभेवर आला होता, तो गिळला. सख्खी बहीण, समोर सासरे, आणि वर विचारलं म्हणजे अब्रूच गेली. लुगड्यावरूनच पोट दाबलं, ओल्या शेंगा बाधल्यात म्हणून जाहीर केलं आणि ओव्याचं पाणी द्यायला सांगितलं.

ओसरीच्या कोपऱ्यात गोणपाट आणि तांब्या होता, महिन्याचे चार दिवस बाहेर बसणाऱ्या बाईसाठी ठेवतात तो. त्या घरात तो वापरणारी माझी बहीण एकटीच. तांब्यावर धूळ होती. मी ती पाहिली होती. रोगी कसा पाहावा, या विषयात मला चांगले गुण होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती उठायला गेली आणि कोसळली. बैलांची दमणी जुंपून खामगावच्या दवाखान्याच्या वाटेला लागलो. अर्ध्या वाटेत तिची नाडी माझ्याच बोटांखाली थांबली.

सुट्टी संपल्यावर मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गर्भ नळीत राहून नळी फुटली असेल. पोटात रक्त साचलं की खांदा दुखतो. दिवस गेले होते का?"

"माहीत नाही."

"विचारलं नाहीस?"

मी मान खाली घातली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उन्हाळ्यात मी बहिणीच्या सासरी गेलो, ते भांडायलाच. चूक कुणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय मला चैन नव्हतं. ओसरीत सासू एकटीच होती. तिला म्हटलं, "दिवस गेले होते, तर सांगितलं का नाही?"

"दोन मयने झाले होते, भाऊ," ती म्हणाली. "तुमी हात धरला, डोये मिटले. मले वाटलं, समजलं तुमाले. इचारलं असतं तं सांगतलं नसतं काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. "नशीब," म्हणत तिने पदराने डोळे पुसले. माझं भांडण तिथेच संपलं. थोड्या वेळाने तिने बांगड्या मागे सारल्या आणि आपलं मनगट माझ्यापुढे धरलं.

मी ते धरलं नाही. विचारलं, "काय होतंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.